फाइल बंद, प्रचार सुरू : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात शेवटच्या पानावर सहज एक चौकट टाकली होती, की नेत्यांची सरकारी कागदपत्रं निवडणुकीआधी लोकांना बघायला मिळायला हवीत का. वाटलं होतं चार-पाच पत्रं येतील. आली भरपूर, आणि त्यातली निम्मी रागाने लिहिलेली. जमतील तेवढी घेतलीत. नावं छापू नका असं दोघातिघांनी कळवलंय, म्हणून मग कोणाचंच छापत नाही.

प्रश्न : ताई, हे "सीलबंद रेकॉर्ड" प्रकरण नक्की काय असतं? सिनेमात दाखवतात तसं लाख लावून ठेवतात का? आणि आपल्याकडे असतं का असं काही, की हे फक्त अमेरिकेचं?

लाख नसते हो, पण खोके असतात, खूप खोके. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत गव्हर्नर पदावरून उतरला की त्याच्या ऑफिसचे कागद राज्याच्या अभिलेखागारात जातात आणि त्यातला काही भाग ठरावीक वर्षं बंद ठेवायची सोय असते, सल्लागारांनी गव्हर्नरला मोकळेपणाने लिहिता यावं म्हणून. कारण तसं बरोबर आहे, उद्या पेपरात येणार म्हटलं की कोण खरं लिहील. पण मग हॉवर्ड डीनचं झालं ते बघा. हे गृहस्थ व्हरमाँटचे अकराएक वर्षं गव्हर्नर, २००३ च्या जानेवारीत पायउतार झाले आणि जाताना कागदांचा बराच भाग दहा वर्षांसाठी बंद केला, त्यांच्या आधीच्यांनी सहा वर्षं केला होता. बरं केला तर केला, वर रेडिओवर सांगूनही टाकलं की पुढे काही करायचं झालं तर नेमक्या वेळी अडचणीचं काही पेपरात यायला नको. आणि ते "पुढे काही" म्हणजे काय, तर त्याच वर्षी ते डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या शर्यतीत सगळ्यात पुढे! मग झाला गोंधळ, कोर्टात केस, विरोधक रोज विचारतायत की खोक्यात काय आहे. डीन म्हणाले तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बुश यांनी त्यांचे उघडावेत, मी पण उघडतो. कारण जॉर्ज बुश यांनीही टेक्सासचे गव्हर्नर असतानाचे कागद वडिलांच्या नावाच्या लायब्ररीत नेऊन ठेवले होते, जी केंद्र सरकारच्या ताब्यात, म्हणजे टेक्सासचा माहितीचा कायदा तिथे लागू होतो की नाही यावरच वाद. शेवटी २००२ मध्ये टेक्सासच्या ॲटर्नी जनरलने सांगितलं की लागू होतो.

आपल्याकडे मुख्यमंत्री जाताना खोकी बांधून नेत नाही, फाइल मंत्रालयातच राहते. त्यामुळे "सील" हा शब्द आपल्याकडे फारसा ऐकू येत नाही. आपल्याकडचे शब्द वेगळे आहेत : "गोपनीय", "माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही", "सदर नस्ती आढळून येत नाही". परिणाम तोच. फरक एवढाच की अमेरिकेत निदान तारीख माहीत असते कधी उघडणार ती.

म्हणून मला विचाराल तर फाइल बंद आहे का हा प्रश्नच अर्धा आहे. किल्ली कोणाकडे आहे आणि ती मतदानाच्या आधी फिरणार की नंतर, हे विचारायचं.

प्रश्न : मी ३४ वर्षं सरकारी नोकरीत लिपिक होतो. आम्ही बदली झाली तर चार्ज देताना टाचणीचा हिशेब द्यायचो. मग एवढे मोठे नेते कागद "स्वतःचे" म्हणून नेतात कसे काय?

काका, तुमचा प्रश्न अमेरिकेला १९७० च्या दशकात पडला. तोवर राष्ट्राध्यक्षाचे कागद ही त्याची खासगी मालमत्ता मानायचे, खरंच. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी वॉटरगेट घोटाळ्यानंतर टेप आणि कागद आपल्या ताब्यात ठेवायचा प्रयत्न केला तेव्हा जाग आली आणि १९७८ मध्ये कायदा झाला की हे कागद देशाचे. पद सोडल्यावर पाच वर्षांनी लोकांना मागता येतात, पण सल्लामसलतीसारखे काही प्रकार बारा वर्षांपर्यंत अडवून ठेवता येतात.

आता गंमत. बिल क्लिंटन २००१ मध्ये गेले, म्हणजे २००६ पासून कागद मागता येणार आणि बारा वर्षं धरली तर २०१३. मधेच २००८ ची निवडणूक, आणि उमेदवारीच्या शर्यतीत कोण, तर त्यांच्याच पत्नी हिलरी! त्या प्रचारात सांगतायत की फर्स्ट लेडी म्हणून मला अनुभव आहे, लोक म्हणतायत दाखवा मग त्या आठ वर्षांचे कागद, तर ते लायब्ररीत, तपासायला माणसं कमी, रांग लांब. २००७ च्या ऑक्टोबरमधल्या डिबेटमध्ये त्यांना हे थेट विचारलं गेलं आणि उत्तर काही जमलं नाही. शेवटी मार्च २००८ मध्ये त्यांच्या रोजच्या कार्यक्रमांची अकरा हजारावर पानं बाहेर आली, तोपर्यंत अर्ध्याहून जास्त राज्यांत पक्षांतर्गत मतदान होऊन गेलं होतं.

आणि सिनेटरचं तर अजूनही त्याचंच! म्हणजे १९७८ चा कायदा राष्ट्राध्यक्षाला, खासदाराच्या ऑफिसचे कागद मात्र त्याची स्वतःची मालमत्ता. जो बायडन यांनी त्यांचे सिनेटचे कागद डेलावेअर विद्यापीठाला दिले आणि अट काय तर मी सार्वजनिक जीवनातून निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी उघडायचे. २०२० च्या निवडणुकीत त्यावरून बराच आरडाओरडा झाला, उघडले नाहीत ते नाहीतच.

टाचणीच्या हिशेबावरून आठवलं. मिट रॉम्नी २००६ च्या शेवटी मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरपदावरून जात होते तेव्हा त्यांच्या अकरा सहकाऱ्यांनी ऑफिसच्या कॉम्प्युटरमधल्या सतरा हार्ड डिस्क पैसे भरून विकत घेतल्या. रीतसर, पावती फाडून. हे बाहेर आलं २०११ मध्ये, ते पुन्हा राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत असताना. तुमच्या ऑफिसात कोणी निरोप समारंभाला हार्ड डिस्क मागितली असती तर?

प्रश्न : आचारसंहिता लागली की माहिती अधिकाराचे अर्ज घेत नाहीत, खरं का? मला तसं सांगून परत पाठवलं.

खोटं. आचारसंहितेत असं काहीही नाही, माहिती अधिकार कायदा चालूच असतो आणि ३० दिवसांची मुदतही. "स्टाफ इलेक्शन ड्युटीवर आहे" हे कारण आहे, नियम नाही. अर्ज रजिस्टर पोस्टाने किंवा ऑनलाइन टाका आणि पोच जपून ठेवा.

प्रश्न : मग सर्वसामान्य मतदाराला उमेदवाराबद्दल हक्काने बघता येईल असं काय आहे? आणि ते कुठे? माझी मुलगी पहिल्यांदा मतदान करणार आहे, ती विचारते आणि मला सांगता येत नाही.

मुलीला सांगा, प्रतिज्ञापत्र. ॲफिडेव्हिट. फॉर्म २६ म्हणतात त्याला. हे आपल्याला सहज मिळालेलं नाही, त्यामुळे जरा सविस्तर सांगते.

१९९९ मध्ये अहमदाबादच्या आयआयएममधल्या काही प्राध्यापकांनी कोर्टात याचिका केली की उमेदवारावरचे गुन्हे, मालमत्ता, शिक्षण मतदाराला कळायला पाहिजे. त्यांची संस्था म्हणजे एडीआर, असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स. दिल्ली हायकोर्टाने मान्य केलं, केंद्र सरकार सुप्रीम कोर्टात गेलं आणि २ मे २००२ ला सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की मतदाराला हे जाणून घ्यायचा हक्क आहे, तो बोलण्याच्या स्वातंत्र्यातूनच येतो. झालं, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष एकत्र आले! लोकप्रतिनिधित्व कायदा बदलून ३३-ब नावाचं कलम घातलं, की कोर्ट काहीही म्हणो, आम्ही या कायद्यात लिहिलंय तेवढंच उमेदवाराने सांगायचं. ते कलम मार्च २००३ मध्ये सुप्रीम कोर्टाने उडवलं. म्हणजे आज आपण मोबाइलवर ज्या पीडीएफ बघतो ना, त्या कुठल्याच पक्षाने आपण होऊन दिलेल्या नाहीत.

त्यात काय बघायचं. चालू असलेल्या केसेस आणि झालेल्या शिक्षा, स्वतःची, नवरा-बायकोची आणि अवलंबून असलेल्यांची मालमत्ता, कर्ज, सरकारी थकबाकी, गेल्या पाच वर्षांचं आयकर रिटर्नमध्ये दाखवलेलं उत्पन्न, आणि २०१८ च्या निकालानंतर उत्पन्नाचा स्रोतसुद्धा. कोरे रकाने सोडून चालत नाही, २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की आठवण देऊनही रकाना भरला नाही तर अर्ज बाद होऊ शकतो. माझी सवय सांगू का, मी आधी "थकबाकी"चा रकाना बघते. आणि मग याच माणसाचं पाच वर्षांपूर्वीचं ॲफिडेव्हिट शेजारी ठेवते. एका कागदावरून काही कळत नाही, दोन शेजारी ठेवले की कळतं.

कुठे मिळेल : निवडणूक आयोगाच्या वेबसाइटवर, आयोगाच्याच ॲपवर, निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या ऑफिसबाहेरच्या बोर्डावर. एडीआरच्या मायनेता साइटवर जुनीही सापडतात. महापालिका, झेडपीची असतील तर राज्य निवडणूक आयोगाकडे बघायचं, तो वेगळा. आणि हे फार थोड्यांना माहिती असतं की उमेदवाराने खोटं लिहिलंय असं कोणाला वाटलं तर त्याच्या विरोधात आपण प्रति-प्रतिज्ञापत्र देऊ शकतो, तेही तसंच लावलं जातं.

आता वाईट बातमी. खोटं लिहिलं किंवा लपवलं तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५-अ खाली जास्तीत जास्त सहा महिने कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आणि ते ठरेपर्यंत? देवेंद्र फडणवीस यांच्या २०१४ च्या प्रतिज्ञापत्रात दोन जुन्या केसेसचा उल्लेख नव्हता अशी तक्रार होती, सुप्रीम कोर्टाने २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये खटला चालवायला सांगितलं, आणि नागपूरच्या कोर्टाने सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांना निर्दोष सोडलं. निकाल काहीही लागो, कोणाच्या का बाजूने लागेना, ज्या २०१४ च्या मतदाराला ते कळायला हवं होतं त्याला कळायला नऊ वर्षं लागली, आणि तक्रार खोटी म्हणावी तर त्या नेत्यालासुद्धा नऊ वर्षं ती डोक्यावर घेऊन फिरावं लागलं.

अजून एक, २०२४ च्या एप्रिलमध्ये अरुणाचलच्या एका आमदाराच्या केसमध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की उमेदवाराने घरातली प्रत्येक हलवता येणारी वस्तू लिहायची गरज नाही, त्यालाही खासगीपण आहे, मोठी किंवा ऐशआरामाची वस्तू असेल तर गोष्ट वेगळी. मला हे पटतं. कपाटातल्या साड्या मोजून काय करायचंय, जमिनी मोजा ना.

प्रश्न : तुमची मागची चौकट एकतर्फी वाटली. तुम्ही बंद फायलींबद्दल रडता, पण निवडणूक आली की नेमक्या फायली *उघडतात* त्याचं काय? तेव्हा तुमची पारदर्शकता खूश होते का?

राग मान्य. तुमचं पत्र वाचून मी दोन दिवस त्यावर विचार करत होते, कारण हा मुद्दा माझ्याकडून राहिला हे खरंच आहे.

नेताजींच्या फायली आठवा. साठसत्तर वर्षं सगळ्या पक्षांच्या सरकारांनी सांगितलं की उघडता येणार नाहीत. मग १८ सप्टेंबर २०१५ ला पश्चिम बंगालच्या तृणमूल सरकारने आपल्याकडच्या ६४ फायली खुल्या केल्या, आणि २३ जानेवारी २०१६ ला, नेताजींच्या जयंतीला, केंद्रातल्या भाजप सरकारने १०० फायलींच्या डिजिटल प्रती खुल्या केल्या. बंगालची विधानसभा निवडणूक कधी होती? एप्रिल-मे २०१६. दोघांनाही अचानक इतिहासाची ओढ लागली म्हणायची. फायली उघडल्या हे चांगलंच झालं, अभ्यासकांना मिळाल्या, गूढ मात्र होतं तिथेच राहिलं.

कच्चथीवूचं तसंच, म्हणजे १९७४ च्या कराराने श्रीलंकेकडे गेलेलं छोटं बेट. त्या कराराची कागदपत्रं, म्हणजे पन्नास वर्षं जुनी, ती तमिळनाडूच्या भाजप प्रदेशाध्यक्षांना माहिती अधिकारात मिळाली आणि ३१ मार्च २०२४ ला पेपरात आली, तिथे मतदान १९ एप्रिलला. एकोणीस दिवस. मी परत सांगते, कागद बाहेर यायलाच हवेत, प्रश्न असा की हेच कागद तुम्ही-मी मागितले असते तर तेवढ्याच वेगात मिळाले असते का. (आणि एवढं करून तिथल्या ३९ च्या ३९ जागा द्रमुक आघाडीने जिंकल्या, म्हणजे फाइल उघडली की मत मिळतंच असंही नाही.)

उलट बाजूचं उदाहरण ब्रिटनचं. रशियाच्या हस्तक्षेपावर तिथल्या संसदीय गुप्तचर समितीचा अहवाल २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये पंतप्रधानांकडे तयार होऊन पोचला होता, बोरिस जॉन्सन यांच्या सरकारने तो निवडणुकीआधी सोडला नाही, मतदान १२ डिसेंबर २०१९ ला झालं, अहवाल आला २१ जुलै २०२० ला. तिथेही किल्ली कोणाच्या खिशात, तर जो मत मागतोय त्याच्याच.

तेव्हा तुमचं बरोबर आहे, उघडणं हीसुद्धा चाल असते. पण उपाय फायली बंद ठेवणं हा नाही. आपल्याकडे १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे, पंचवीस वर्षं झालेले, गोपनीय नसलेले कागद राष्ट्रीय अभिलेखागारात जायला हवेत असं त्याच्या नियमात आहे, महाराष्ट्राचा स्वतःचा २००५ चा आहे. तारीख आली की आपोआप उघडलं असतं तर कोणालाच मुहूर्त काढता आला नसता. माहिती अधिकाराच्या कलम ८(३) मध्येसुद्धा आहे, वीस वर्षांपेक्षा जुन्या गोष्टीची माहिती बहुतेक कारणांखाली नाकारता येत नाही, देशाची सुरक्षा, विधिमंडळाचा हक्कभंग आणि मंत्रिमंडळाचे कागद हे तीन अपवाद सोडून. अर्ज करताना हे कलम लिहा, समोरचा जरा सावरून बसतो.

प्रश्न : "सीलबंद लिफाफा" हा शब्द टीव्हीवर सारखा ऐकतो. निवडणूक रोख्यांच्या वेळी पण होता. कोर्टच जर पाकीट बंद ठेवणार असेल तर आम्ही काय करायचं?

रोखे म्हणजे स्टेट बँकेतून विकत घेऊन, नाव जाहीर न होता पक्षाला देणगी द्यायची सोय. त्यांच्या फक्त तारखा सांगते.

१२ एप्रिल २०१९. लोकसभेचा पहिला टप्पा आदल्या दिवशी झालेला. सुप्रीम कोर्ट म्हणतं, सगळ्या पक्षांनी रोख्यांतून मिळालेल्या देणग्यांचा तपशील सीलबंद लिफाफ्यात निवडणूक आयोगाला द्यावा, ३० मेपर्यंत. निकाल कधी होता? २३ मे. म्हणजे पाकीट पोचलं तेव्हा गुलाल धुऊन झाला होता. आणि पोचून झालं काय, तर काही नाही, पाच वर्षं तसंच बंद.

१५ फेब्रुवारी २०२४. कोर्टाने अख्खी योजनाच घटनाबाह्य ठरवली आणि स्टेट बँकेला ६ मार्चपर्यंत माहिती द्यायला सांगितलं. बँक म्हणाली ३० जूनपर्यंत वेळ द्या. ३० जून! लोकसभेचा निकाल ४ जूनला लागला. ११ मार्चला कोर्टाने मागणी फेटाळली आणि सांगितलं उद्या द्या. चार महिने लागणार होते ते काम एका दिवसात झालं, १४ मार्चला आयोगाने वेबसाइटवर टाकलं. १६ ला निवडणूक जाहीर झाली, १७ ला २०१९ चं ते जुनं पाकीट फुटलं, आणि कोणाचा रोखा कोणाकडे गेला हे जुळवायला लागणारे नंबर २१ ला आले. २२ हजारांवर रोखे होते.

यातून मी काय घेतलं तर "वेळ लागेल" हे वाक्य ऐकलं की आधी कॅलेंडर काढायचं. किती दिवस मागतायत आणि मतदान कधी आहे.

कोर्टाचं म्हणाल तर कोर्टालाही हे आता खटकायला लागलंय. २०२३ च्या मार्चमध्ये लष्करी पेन्शनच्या केसमध्ये तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी सरकारने दिलेला बंद लिफाफा घ्यायलाच नकार दिला, आणि पुढच्याच महिन्यात एका मल्याळम न्यूज चॅनेलच्या केसमध्ये सविस्तर लिहिलं की समोरच्याला न दाखवता पाकिटातून न्याय करणं बरोबर नाही. राफेलचे कागद पेपरात छापून आले तेव्हा सरकार म्हणालं चोरीचे आहेत, बघू नका. १० एप्रिल २०१९ ला कोर्टाने ते ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी मतदान सुरू. आता यात कोण जिंकलं कोण हरलं ते सोडा, राफेलची फेरविचार याचिका नोव्हेंबरात फेटाळलीच गेली, पण कागद टेबलावर आले.

प्रश्न : डिग्रीचं काय? शिपायाच्या नोकरीला मार्कशीट मागतात!

हे वाक्य जवळपास सात पत्रांत आहे, शब्दासकट. कोर्टात काय झालं तेवढं सांगते. पंतप्रधानांच्या पदवीबाबत केंद्रीय माहिती आयोगाने २०१६ मध्ये दोन आदेश दिले होते. गुजरात विद्यापीठाबद्दलचा आदेश गुजरात हायकोर्टाने ३१ मार्च २०२३ ला रद्द केला आणि माहिती मागणाऱ्या अरविंद केजरीवाल यांना २५ हजारांचा खर्च लावला. दिल्ली विद्यापीठाचं १९७८ चं रेकॉर्ड बघू द्या हा दुसरा, तो दिल्ली हायकोर्टाने २५ ऑगस्ट २०२५ ला रद्द केला, पदवी-गुण ही वैयक्तिक माहिती आहे म्हणून. पक्षाने २०१६ मध्ये पत्रकार परिषदेत पदव्यांच्या प्रती दाखवल्या होत्या, हेही खरं. आमदार-खासदार व्हायला शिक्षणाची अट नाही हे लक्षात घ्या, त्यामुळे शिपायाशी तुलना कोर्टात टिकत नाही. पण प्रतिज्ञापत्रात शिक्षणाचा रकाना आहे आणि तो शपथेवर भरलेला असतो, मग शपथेवर लिहिलेलं पडताळून बघायचा रस्ता कोणाकडेच नसावा हे मला विचित्र वाटतं. सगळ्याच उमेदवारांबद्दल म्हणतेय.

आणि हा रस्ता अजून अरुंद झालाय. माहिती अधिकारातलं कलम ८(१)(जे) आधी असं होतं की वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नसेल किंवा ती दिल्याने कोणाच्या खासगीपणावर विनाकारण घाला येत असेल तरच नाकारायची, शिवाय जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कोणालाही नाकारता येणार नाही असं एक सुंदर वाक्य होतं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने ते सगळं काढलं, आता फक्त "वैयक्तिक माहिती" एवढंच उरलं, आणि २०२५ च्या नोव्हेंबरात ही दुरुस्ती लागूही झाली. आता उरलं कलम ८(२), जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. देता येते, द्यावीच लागते असं नाही.

प्रश्न : सगळंच उघडं करायचं म्हणता, उद्या नेत्याच्या घटस्फोटाचे कागद पण मागाल. माणूस नाही का तो?

नाही मागणार. २००४ मध्ये अमेरिकेत इलिनॉयच्या सिनेटच्या निवडणुकीत जॅक रायन नावाचे उमेदवार होते, त्यांच्या घटस्फोटानंतर मुलाच्या ताब्यावरून झालेल्या केसचे सीलबंद कागद कॅलिफोर्नियाच्या जजने माध्यमांच्या मागणीवरून उघडले. आई-बाप दोघांचाही विरोध होता. काही दिवसांत उमेदवाराने माघार घेतली, आणि ती जागा पुढे ओबामांनी जिंकली. इतिहास कुठून कुठे गेला वगैरे लोक मजेत सांगतात, मला त्यातला तो मुलगा आठवतो. आपल्याकडे हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ प्रमाणे अशा केसेस बंद दारामागे चालतात आणि ते कामकाज छापणं गुन्हा आहे, ते तसंच राहू दे.

२००८ चा आणखी एक किस्सा. राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीतले ओबामा, हिलरी आणि मॅकेन, तिघांच्याही पासपोर्टच्या फायली परराष्ट्र खात्यातल्या लोकांनी, त्यात कंत्राटी माणसं होती, काही काम नसताना उघडून बघितल्या. दोघांची नोकरी गेली. "नुसती उत्सुकता" हे कारण दिलं गेलं. सरकारी कॉम्प्युटरसमोर बसलेल्याची उत्सुकता आणि मतदाराचा हक्क यात फरक आहे. माझा नियम सोपा आहे : खुर्चीवर बसून सही केली असेल तर कागद आमचा, घरात बसून केली असेल तर तुमचा. मधले काही निघतात, आजारपणाचे वगैरे, तिथे माझंही ठरत नाही.

प्रश्न : मला आमच्या आमदारांनी मंत्री असताना मंजूर केलेल्या एका प्रकरणाची फाइल बघायची आहे. निवडणुकीआधी मिळेल का? कसा अर्ज करू?

आधी हिशेब. २०२४ ची आपली विधानसभा निवडणूक १५ ऑक्टोबरला जाहीर झाली आणि २० नोव्हेंबरला मतदान झालं. ३६ दिवस. जाहीर झाली त्याच दिवशी तुम्ही अर्ज टाकला असता तर ३० दिवस संपतात १४ नोव्हेंबरला, आणि नकार आला तर प्रथम अपिलाला ३० ते ४५ दिवस, म्हणजे नवं मंत्रिमंडळ शपथ घेऊन मोकळं. त्यामुळे निवडणूक जाहीर व्हायची वाट बघू नका, निदान सहा-आठ महिने आधी अर्ज करा, आत्ताच करा.

अर्ज दहा रुपयांचा, महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्दांत. कारण सांगायची गरज नाही, विचारलं तरी सांगू नका. "माहिती द्या" असं मोघम लिहू नका, फाइल क्रमांक असेल तर तो, नसेल तर विषय, साल, विभाग लिहा आणि "टिपणीसह" हा शब्द घाला, कारण खरी गोष्ट टिपणीत असते, कोणी नको म्हणाला होता, कोणी त्यावर सही केली. आणि प्रती मागण्याआधी पाहणी मागा. पहिला तास फुकट असतो.

मी एकदा अशीच पाहणीला गेले होते एका ऑफिसात. सकाळी सांगितलं फाइल साहेबांकडे आहे, दुपारी सांगितलं दुसऱ्या शाखेत आहे, चार वाजता सांगितलं सापडत नाही. मी म्हटलं ठीक आहे, "सापडत नाही" असं लेखी द्या सही-शिक्क्यानिशी, म्हणजे मी अपिलात ते लावते. बाई आत गेल्या आणि दहा मिनिटांत फाइल घेऊन आल्या. वरची धूळ पुसलेली होती, बहुतेक पदरानेच. पान ४१ ते ४६ नव्हती. ते मात्र त्यांनी लेखी दिलं.